नऊ सेकंदांत दाखला

माणसाच्या आयुष्यात कागदावर पक्क्या अशा गोष्टी दोनच: जन्माचा दाखला आणि मृत्यूचा दाखला. मधल्या साठ-सत्तर वर्षांत माणूस जे काही करतो त्याची नोंद ठेवण्याची तरतूद नाही, आणि एका परीने ते बरंच आहे. एवढी कपाटं कुठून आणायची?

ही दोन टोकं सांभाळणारं एक कार्यालय होतं. त्यात चार टेबलं, एक लोखंडी कपाट, एक साहेब आणि एक खिडकी. खिडकीच्या बाहेर जनता आणि आत मावशी. मावशी कोणाच्याच मावशी नव्हत्या, पण एकोणीस वर्षं त्याच खुर्चीवर बसल्यामुळे त्यांना ते नातं सेवाज्येष्ठतेने मिळालं होतं. मावशींच्या मागच्या टेबलावर हेडक्लार्क तात्या बसत. ही हकिगत तात्यांची आहे.

तात्यांची एकतीस वर्षांची नोकरी निष्कलंक होती. ज्याच्या हातून निर्णय होत नाही त्याच्या हातून चूक होत नाही, हे गणित त्यांना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सुटलं होतं. खिडकीला पडदा हिरवा असावा की निळा, ही फाईल त्यांच्याकडे सात वर्षं होती. आठव्या वर्षी समोर एक उंच इमारत उभी राहिली, ऊन आपोआप थांबलं, आणि ‘प्रश्न निकाली’ असा शेरा मारून तात्यांनी फाईल बंद केली. याला प्रशासन म्हणतात.

घरचे निर्णय त्यांचे थोरले भाऊ घेत. ते वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानदाराच्या तराजूकडे नुसतं बघून कुठल्या बाजूला किती पाप आहे ते सांगत. तात्यांनी कोणत्या शाळेत जावं, चष्म्याची फ्रेम कोणती घ्यावी, लग्न कोणाशी करावं, हे सगळं दादांनीच ठरवलं. (फ्रेम नाकावर रुतत असे. बाकी दोन्ही निर्णय उत्तम निघाले.)

आता कार्यालयातल्या लॅपटॉपविषयी. तो लॅपटॉप असण्याचं कारण एवढंच, की रोज संध्याकाळी शिपाई तो उचलून लोखंडी कपाटात ठेवू शके. शहराच्या सगळ्या नोंदी त्याच्या पोटात होत्या. सकाळी दहाला बटण दाबलं की दहा वाजून अकरा मिनिटांनी पडदा उजळे. एक नोंद शोधायला त्याला चार मिनिटं लागत. तेवढा वेळ आतून ‘खुर्र... टक... खुर्र...’ असा आवाज येई. जणू आत एखादा म्हातारा कारकून बसलाय आणि खण उघडून-लावून बघतोय. लोकांना त्या आवाजाचा आधार वाटे. आपल्यासाठी कोणीतरी काहीतरी हुडकतंय, असा अनुभव सरकारी खिडकीवर सहसा येत नाही.

त्या चार मिनिटांत मावशींना काम नसे. मग त्या समोरच्या माणसाला विचारत, “किती वय होतं?”

बस, एवढंच. माणूस वय सांगे. मग आजार सांगे. मग आजाराच्या आधीचं सांगे: बाबांना रेडिओ उघडून बसायची खोड होती, जोडता मात्र यायचा नाही, आई कुलूप लावल्यावर परत तीनदा ओढून बघायची, नवरा घोरायचा, आता झोप लागत नाही. तेवढ्यात प्रिंटर खाकरे, दाखला बाहेर येई आणि माणूस डोळे पुसून, सुट्टे पैसे नीट मोजून घेऊन जाई. एकोणीस वर्षांत त्या खिडकीची एकही तक्रार आली नव्हती. त्यामागचं कारण शोधण्याची गरज कोणाला भासली नाही, कारण कारण शोधण्यासाठी आधी तक्रार लागते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मुख्यालयातून परिपत्रक आलं. जुन्या यंत्राच्या जागी नवा लॅपटॉप मंजूर झाला होता. सोबत एक फॉर्म होता आणि त्यात एक प्रश्न: ‘साठवणीचा प्रकार – (अ) परिभ्रमी (ब) घनस्थिती. योग्य पर्यायावर खूण करून समर्थन द्यावे. मुदत पंधरा दिवस.’

तात्यांना वाटलं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीबद्दल आहे. त्यांनी तो फॉर्म पाणी विभागाकडे पाठवला. चौथ्या दिवशी तो ‘आमचा नव्हे’ असा शेरा घेऊन परत आला, आणि तात्यांच्या लक्षात आलं की हा आपलाच आहे.

ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, “तात्या, तुम्ही ठरवा, मी सही करतो. बरोबर निघालं तर आपण ठरवलं असं म्हणू.”

“आणि चुकलं तर साहेब?”

“फॉर्म भरणाऱ्याचं नाव वर असतंच की.”

त्या संध्याकाळी तात्या बायकोच्या धाकट्या बहिणीच्या दुकानात गेले. मेहुणीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून ती दिवसभर उघड्या पोटाच्या यंत्रांत डोकं घालून बसे. तिने दोन वस्तू टेबलावर मांडल्या. एक डब्यासारखी जड, दुसरी च्युइंगमच्या पुडीएवढी.

“भावजी, ही जुनी हार्ड डिस्क. आत एक तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर एक बारीक सुई तरंगते. हवी ती नोंद सुईखाली येईपर्यंत थांबायचं. चालू असताना आपटली तर सुई तबकडीला घासते, मग नोंदी गेल्याच म्हणा. स्वस्त असते, जागा भरपूर.”

“आणि ही?”

“ही एसएसडी. तुमच्या फॉर्मातली घनस्थिती. हिच्यात हलणारं काहीच नाही, नुसत्या चिपा. मागितलं की दिलं. धक्का सोसते, आवाज नाही. तेवढ्याच पैशांत जागा मात्र कमी.”

“म्हणजे ही चांगली.”

“चांगलीच. एक लक्षात ठेवा फक्त. जुनी मरायला टेकली की बऱ्याचदा आधी कुरकुरते, टकटक करते, तुम्हाला सावध करते. ही काल हसतखेळत असते आणि आज नसते. कुठलीही घ्या, प्रत मात्र वेगळी काढून ठेवत जा.”

तात्यांना दोन्ही वर्णनं ओळखीची वाटली. त्यांच्या रजिस्टरात रोज दोन्ही प्रकारची माणसं नोंदवली जात.

घरी येऊन त्यांनी कागदावर मधोमध रेघ मारली आणि दोन्ही बाजूंचे गुण लिहून काढले. वेग, किंमत, जागा, धक्का, आवाज, बॅटरी, वजन. चौदा विरुद्ध तेरा असं होताच त्यांना अस्वस्थ वाटू लागलं, म्हणून त्यांनी तेराच्या बाजूला ‘दिसायला भारदस्त’ हा मुद्दा घालून तोल साधला. नंतर शाई घेऊन फॉर्मवर (अ) आणि (ब) यांच्या बरोबर मध्ये खूण केली. फॉर्म तीन दिवसांत परत आला. शेरा होता: ‘खूण रेषेवर आहे.’

मुदतीचा एकच दिवस उरला. मावशींना विचारून झालं होतं. मावशी म्हणाल्या होत्या, “मला काय तात्या, कुठलीही आणा. मी काही डिस्कशी बोलत नाही.” शेवटी तात्यांनी दादांना फोन लावला.

“दादा, एक विचारायचं होतं.”

“विचार. पाचच मिनिटं आहेत, इथे भाजीवाल्याशी बोलणं चाललंय.”

तात्यांनी अठ्ठावीस मुद्दे सांगायला घेतले. दादांनी त्यांना तिसऱ्यावरच थांबवलं.

“वेग कशाचा जास्त?”

“नव्याचा.”

“मग नवी घे. लोक तिथे हौसेने येत नाहीत, तात्या. त्यांना लवकर मोकळं कर.”

हे वाक्य तात्यांनी समर्थनाच्या रकान्यात जसंच्या तसं उतरवलं, फक्त त्यातला ‘तात्या’ गाळला. मुख्यालयाला ते इतकं आवडलं की त्यांनी ते छापून सगळ्या कार्यालयांत लावायला पाठवलं.

नवा लॅपटॉप आला. मेहुणीने जुन्यातल्या नोंदी नव्यात भरून दिल्या आणि एक प्रत वेगळी काढून कपाटात ठेवायला दिली. (कपाटाच्या वार्षिक तपासणीत पुढे ती ‘अनोळखी वस्तू’ म्हणून नोंदवली गेली.) बटण दाबल्यावर पडदा आधी उजळे आणि मग बोट वर येई. नाव टाइप केल्यापासून दाखला हातात पडेपर्यंत नऊ सेकंद. आवाज अजिबात नाही. पहिल्या आठवड्यात अकरा वाजेपर्यंत रांग संपे. साहेबांनी खिडकीशेजारी घड्याळ धरून उभे असतानाचा स्वतःचा फोटो काढून मुख्यालयाला पाठवला.

आणि पहिल्याच महिन्यात एकेचाळीस तक्रारी आल्या.

तात्यांनी त्यांचं वर्गीकरण केलं. सतरा जणांचं म्हणणं होतं, की एवढ्या लवकर मिळालेला दाखला दुसऱ्याच कोणाचा असणार, नीट शोधावं. अकरा जणांना शंका होती, की तो आधीच काढून ठेवलेला होता. (त्यातल्या एका बाईंना तो कधीपासून काढून ठेवला होता, ते लेखी हवं होतं.) चार जणांना अक्षरं फार काळी वाटली. उरलेल्या नऊ अर्जांत तक्रार अशी नव्हतीच. एकात नुसतं लिहिलं होतं, ‘दाखला मिळाला. बरं वाटलं नाही.’

शिवाय लोक जागचे हलेनात. एक निवृत्त बसड्रायव्हर आले. बायकोचा दाखला नऊ सेकंदांत त्यांच्या हातात पडला. ते तिथेच खिडकीचा गज धरून उभे राहिले.

“झालं ना काका?” मावशींनी विचारलं.

“झालं.”

“मग? अजून काही हवंय?”

“नाही. मी आत्ताच तर आलो.”

ते चाळीस मिनिटं उभे होते. रांग बाहेर फुटपाथवर गेली. वेग वाढल्यामुळे दिवसाकाठी निघणारे दाखले नव्वदवरून चौसष्टवर आले. साहेबांनी हा आकडा ‘गुणात्मक वाढ’ या शीर्षकाखाली कळवला.

तिसऱ्या महिन्यात मात्र गंमत झाली. तक्रारी एकदम बंद झाल्या. फुटपाथवरची रांग आत आली. साहेब म्हणाले, जनता सरावली. मुख्यालयात मात्र कोणीतरी तक्ते वाचणारा होता (असा माणूस प्रत्येक मुख्यालयात एक असतो आणि त्याची बदली लवकरच होते). त्याचं पत्र आलं: ‘यंत्राचा वेळ नऊ सेकंद, खिडकीवरचा सरासरी वेळ चार मिनिटे. हेतुपुरस्सर विलंब होत असल्यास जबाबदारी निश्चित करून खुलासा करावा.’

जबाबदारी निश्चित करणे म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. खिडकीवर एकच माणूस बसत होतं. साहेबांनी पत्र तात्यांच्या टेबलावर ठेवलं आणि ते साइटवर निघून गेले. (कार्यालयाची साइट कुठेच नव्हती.)

तात्या चौकशी सुरू करणार होते. पण मंगळवारी दादांनी त्यांना गुडघ्याला कोणतं तेल लावावं ते फोनवर सांगितलं आणि बुधवारी सकाळी दादा नव्हते. आधी कसलीच कुरकुर नाही, दुखणं नाही. चहाचा कप अर्धा भरलेला होता.

दहा दिवसांनी तात्या कामावर आले. दादांचा दाखला काढायचा होता. आतून काढता आला असता, पण ‘अर्ज बाहेरूनच स्वीकारले जातील’ ही पाटी त्यांनी स्वतः लिहून लावलेली होती. ते बाहेर गेले आणि रांगेत चौथे उभे राहिले. एकतीस वर्षांत ती खिडकी त्यांनी बाहेरून पाहिली नव्हती. बाहेरून ती जरा उंच होती. मान वर करूनच बोलावं लागत होतं.

त्यांचा नंबर आला. मावशींनी अर्ज घेतला, नाव टाइप केलं आणि हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. तात्यांनी मनात नऊ मोजले. प्रिंटर गप्प होता.

“जरा वेळ घेतंय हं आज,” मावशी म्हणाल्या.

ज्या डिस्कवर तात्यांनी स्वतःच्या हाताने खूण केली होती, ती कशालाच वेळ घेत नाही, हे त्यांच्याइतकं त्या शहरात कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांना पत्र आठवलं. ‘हेतुपुरस्सर विलंब’ म्हणतात तो हा. त्यांच्या डोळ्यांदेखत चालला होता, आणि साक्षीदाराचीही गरज नव्हती.

“घेऊ दे,” ते म्हणाले.

“किती वय होतं?”

“एकाहत्तर.”

“तुमच्याहून बरेच थोरले की.”

“चौदा वर्षांनी. मला त्यांनीच वाढवलं म्हणा ना.” तात्या गज धरून उभे राहिले. “वजनमापांत होते. कोणाच्या घरी मूल झालं की लोक दादांना बोलवायचे. ते मूल हातावर घ्यायचे आणि वजन सांगायचे. मग दवाखान्यात नेऊन बघायचं, की तेवढंच. एकदा फक्त चुकलं. माझ्या मुलीच्या वेळी. पाव किलो जास्त सांगितलं. मी म्हटलं, दादा, चुकलात. तर म्हणाले, चुकलो नाही, आपली आहे म्हणून झुकतं माप दिलं.”

मावशी हसल्या. तात्याही हसले. मग चष्म्याची फ्रेम सांगून झाली, भाजीवाला सांगून झाला. आणि एकदम तात्यांकडचं संपलं. खिडकीवरच्या घड्याळात त्यांनी बघितलं. दोन मिनिटं दहा सेकंद झाली होती. सत्तावन्न वर्षं लाभलेला भाऊ एवढ्यात आटोपला, याचं त्यांना नवल वाटलं आणि मागच्या माणसासमोर जरा लाजही वाटली.

“शोधतंय अजून,” मावशी म्हणाल्या.

तात्यांनी चष्मा काढून पुसला. मागे कोणी खाकरलं नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “त्यांनी मला कधी विचारलंच नाही, तुला काय हवंय म्हणून.”

“राग आला होता का त्याचा?”

“नाही हो. कोणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो मी? फार बरं चाललं होतं माझं.”

मावशींनी मांडीवरचा एक हात उचलला आणि एक बटण दाबलं. प्रिंटर खाकरला.

तात्या दाखला खिशात घालून आत आले, टेबलाशी बसले आणि खुलाशाचा कागद पुढे ओढला. सवयीने त्यांचा हात फोनकडे गेला. पहिले चार आकडे दाबूनही झाले. मग त्यांनी फोन ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. मावशींनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मात्र त्या दिवशी जो जो खिडकीवर आला त्याला त्यांनी नऊ सेकंदांत दाखला दिला आणि वय विचारलं नाही.

चार वाजता तात्यांनी लिहिलं: ‘यंत्राचा वेग समाधानकारक आहे. उरलेला वेळ नागरीकांचा असून तो त्यांना परत करण्यात येत आहे. जबाबदारी नीम्नस्वाक्षरीकाराची.’ आणि खाली सही केली. कोणालाही न विचारता लिहिलेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या त्यांनी तशाच राहू दिल्या.

कागद मावशींच्या टेबलावरून जावक नोंदीला जातो. मावशींनी तो वाचला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, “तात्या, ‘नीम्न’ असं नाही लिहीत.”

“माहीत आहे,” तात्या म्हणाले.

शिक्षा व्हायची ती टळली, कारण तक्ते वाचणाऱ्याची तोवर बदली झाली होती. त्याच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याला खुलासा भावला. एखाद्या चांगल्या गोष्टीची दखल मुख्यालयाने घेतली की तिचं जे होतं, तेच मग झालं. सगळ्या खिडक्यांवर चार मिनिटांचा ‘प्रत्यर्पित कालावधी’, म्हणजे परत केलेला वेळ, सक्तीचा झाला. चार मिनिटं भरल्याशिवाय पडदा उघडणारच नाही, अशी व्यवस्था यंत्रात बसवली गेली. ‘किती वय होतं?’ हा प्रश्न कोणत्या स्वरात विचारावा, याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. प्रशिक्षक तिशीचे होते. मावशी त्यात नापास झाल्या. त्या अजून खिडकीवर आहेत. तात्या पुढच्या वर्षी निवृत्त झाले, आणि निवृत्तीच्या पैशांतून घरी कोणता लॅपटॉप घ्यावा हे त्यांनी सव्वा तासात ठरवलं. लोक अजूनही त्यांना सल्ला विचारायला येतात. ते सांगतात, एसएसडी घ्या, पैसे थोडे जास्त जातील. मोठं साठवणीचं काम असेल तर जोडीला जुन्या पद्धतीची एक बाहेरून लावा. आणि प्रत काढून ठेवा.

सक्तीमुळे एक नवी आकडेवारी मात्र हाती आली, जी आधी कोणाकडेच नव्हती. दिवंगत व्यक्तीविषयी घरच्या माणसांना सलग किती वेळ बोलता येतं, ते यंत्र आता आपोआप मोजतं. सरासरी एक मिनिट पन्नास सेकंद. त्यानंतर माणूस स्वतःच्या पाठदुखीवर येतो, मग पार्किंगवर, मग घड्याळाकडे बघतो.

तेव्हा डिस्क कोणती घ्यावी या चिंतेत वाचकांनी फार राहू नये. चार मिनिटांनंतर आपला दाखला नऊ सेकंदांत निघेल याची कार्यालय हमी देतं. ती चार मिनिटं बोलण्याने भरतील याची हमी कोणी द्यायची, हे परिपत्रकात स्पष्ट नाही. एका सद्गृहस्थांनी खबरदारी म्हणून जिवंतपणीच घरात चाचणी घेऊन पाहिली. बायको, मुलगा आणि सून मिळून पंचावन्न सेकंद भरले. त्यातले चाळीस त्यांच्या लॅपटॉपविषयी होते. आपणही घड्याळ लावून बघायला हरकत नाही. आकडा कार्यालयाला कळवण्याची आवश्यकता नाही. तो यथावकाश मिळेलच.